दातवाल्यांचं इंग्लिश रिव्हॉल्व्हर

पहिला संशय आला तो वासाचा. सडक्या अंड्यांसारखा वास, आणि त्यात कुठेतरी साबणाचा. न्यूझीलंडमध्ये, लोअर हटमधलं आमचं घर आणि शेजारचं घर यांच्यामध्ये एक जुनं लाकडी कुंपण आहे. त्याच्या फटींतून शनिवारी दुपारी हा वास यायचा. दर शनिवारी नाही, पण आला की शनिवारीच. घर घेऊन आम्हाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहतात, निवृत्त डेंटिस्ट आहेत, बायको वारली, मुलगी नेल्सनला असते, एवढं कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या काकांकडून कळलं होतं. "माणूस अगदी निरुपद्रवी आहे," काका म्हणाले होते. मी तसं काही विचारलंच नव्हतं. न विचारता दिलेल्या दाखल्यावर माझा कधीच विश्वास बसत नाही.

यात थोडा माझ्या नोकरीचाही दोष आहे. पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघते. म्हणजे दुसऱ्यानं 'बरोबर आहे' म्हणून पाठवलेली वस्तू ती चूक असणारच असं धरून मोजायची. चिंचवडला असताना हेच काम करत होते, इथेही तेच करते. ही सवय संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर ठेवून येता येत नाही.

शेवटी एका शनिवारी मी कपडे वाळत घालायचं निमित्त केलं, एक क्रेट उलटं टाकलं आणि त्यावर चढून पलीकडे पाहिलं. म्हातारबुवा शॉर्ट्स आणि रबरी चपलांमध्ये स्टुलावर बसले होते. पुढ्यात वाफाळत्या साबणाच्या पाण्याची बादली. हातात दात घासायचा ब्रश, आणि त्या ब्रशनं ते एक काळंभोर लोखंडी नळकांडं घासत होते. शेजारी स्टीलचा ट्रे, डेंटिस्टकडे असतो तसाच. त्यात बारीक बारीक भाग ओळीनं मांडलेले. स्प्रिंगा मी लगेच ओळखल्या. मग नळी ओळखली. आणि मग ते सगळे भाग मिळून काय होतं ते कळलं.

"किया ओरा," ते मान वर न करता, इथल्या माओरी पद्धतीनं नमस्कार करत म्हणाले. "वरून बघण्यापेक्षा दारातून ये. कुंपण जुनं आहे, पडशील."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. तो वेलिंग्टनला एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि कुठलीही गोष्ट बिघडण्याआधी ती कशी बिघडेल याची कल्पना करण्यात पटाईत आहे.

"घर घेताना भिंतींचा रिपोर्ट मागवला, छपराचा मागवला," तो म्हणाला. "शेजाऱ्याचा रिपोर्ट कोण देतं? पोलिसांना फोन करूया."

"आधी विचारून तर बघू."

"बंदूकवाल्याला काय विचारणार आहेस तू?"

मी विचारलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात जाऊन सरळ विचारलं. त्यांनीही तितकंच सरळ सांगितलं. लायसन्स आहे. गॅरेजमधली तिजोरी जमिनीला बोल्ट मारून बसवलेली आहे. रिव्हॉल्व्हर झाडायचं ते फक्त पिस्तूल क्लबच्या रेंजवर, इतरत्र कुठेही नाही, तसा कायदाच आहे. आणि वास येतो तो जुन्या काळ्या दारूचा. ती जळली की मागे जी राख राहते ती लोखंड खाते, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्यानं धुवावं लागतं. आईला फोनवर हे सांगताना मी "ते स्वतःच्या हातानं दारू भरतात" असं म्हटलं आणि पुण्याला भलताच गैरसमज झाला. तो निस्तरायला बराच वेळ गेला.

आमच्या मुलीनं त्यांचं नाव 'दातवाले आजोबा' ठेवलं. ती आमच्याशी सगळं इंग्लिशमध्ये बोलते, पण हे दोन शब्द मात्र आवडीनं मराठीत म्हणायची. मग आमच्या घरात तेच नाव पडलं.

त्यांच्याकडे दोन रिव्हॉल्व्हरं होती, दोन्ही शंभरी केव्हाच ओलांडलेली. एक अमेरिकन सिंगल-अ‍ॅक्शन, दुसरं इंग्लिश डबल-अ‍ॅक्शन. मी आतली यंत्रणा इतक्या उत्सुकतेनं बघत होते की ते म्हणाले, "नुसतं उघडून काही कळायचं नाही. चालवून बघायला पाहिजे. पाहुणी म्हणून येतेस का क्लबला?"

का बोलावतायत, हा प्रश्न मला पडलाच. पण गेले.

क्लब डोंगराआड एका अरुंद दरीत आहे. मागे कापलेला मातीचा कडा, पुढे पत्र्याची शेड, आणि बहुतेक वेळा दक्षिणेकडून येणारा बोचरा वारा. कानावर मफ्स, डोळ्यांवर चष्मा, आणि दातवाले माझ्या खांद्याशी उभे. आधी त्यांनी अमेरिकन माझ्या हातात दिलं.

त्याची रीत सोपी. अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा. ओढताना आत खटके ऐकू येतात, गोळ्यांचं चक्र एक घर पुढे सरकतं आणि ठाक करून जागेवर बसतं. झालं, आता सगळं तयार. मग चापाला बोट लावायचं. चाप इतका हलका की लावल्यावर ओढायला फारसं काही उरतच नाही. आवाज झाला, हाताला मागे ढकलल्यासारखं झालं, फटका असा बसलाच नाही, आणि समोर पांढऱ्या धुराचा एवढा मोठा ढग आला की टार्गेट दिसेना. वारा धूर घेऊन गेला तेव्हा कागदाच्या मध्याजवळ एक भोक होतं. मी आयुष्यात पहिल्यांदाच झाडलेली गोळी होती ती.

"आता हे," म्हणून त्यांनी इंग्लिश दिलं. "घोड्याला हात लावायचा नाही. नुसता चाप ओढायचा."

इथे चाप एकटाच सगळं करतो. तोच चक्र फिरवतो, तोच घोडा उचलतो, आणि शेवटी तोच सोडतो. लांब, जड ओढ, आणि वाटेत तिचा जडपणाही बदलत जातो. बोट ओढतंय, समोर घोडा आपोआप उठताना दिसतोय, नळीच्या टोकावरची नेमाची खूण डुलतेय, आणि तो कुठल्या क्षणी पडणार ते समजत नाही. पडला तेव्हा मी दचकले. गोळी कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याबाहेर मातीत गेली. पुढचीही तिथेच. एकदा तर बोट पूर्ण पुढे सोडण्याआधीच मी पुन्हा ओढायला गेले आणि आतलं सगळं मध्येच अडकून बसलं.

"मला हे आवडलं नाही," मी म्हटलं. "काय करणार ते आधी सांगत नाही."

ते खूश झाले. "सिंगल-अ‍ॅक्शन तुला विचार करायला वेळ देतं," ते म्हणाले. "हे फक्त बघतं, तू विचार आधी केला होतास का. चापाशी भांडू नकोस. एकदा निघालीस की थांबायचं नाही, घाई करायची नाही, एका चालीनं शेवटपर्यंत जायचं."

मग त्यांनी स्वतः झाडून दाखवलं. सत्तरीच्या पुढचा माणूस, पण बोट असं सरकत होतं की घोडा उठतोय आणि पडतोय यात कुठे सांधाच दिसेना. भोकं एकमेकांना चिकटून. या इंग्लिश रिव्हॉल्व्हरचाही घोडा अंगठ्यानं ओढता येतो, आणि तसं केलं की चाप पहिल्यासारखाच हलका होतो. पण दातवाल्यांना ती लबाडी वाटायची.

मी क्लबात शिकाऊ सभासद झाले. नवरा म्हणाला, "आता दोन्हीकडे बंदुका." इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं. मी हसले. पण संशयानं बघणारी मी एकटीच नाही हे पाहून जरा बरं वाटलं.

क्लबात एक उंच गृहस्थ होते. पांढऱ्या मिशा, कमी बोलणं, आणि रेंजवर सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे. तेही जुनी रिव्हॉल्व्हरं जमवायचे. दातवाल्यांचं इंग्लिश त्यांच्या फार मनात होतं. "कधी विकावंसं वाटलं तर आधी मला सांग," असं ते माझ्यादेखत म्हणाले होते. दातवाल्यांनी हसून मान हलवली, पण परतताना गाडीत म्हणाले, "त्याच्यावर लक्ष ठेव. मी चहाला गेलो की तो माझ्या टेबलाजवळ जातो."

मी लक्ष ठेवायला लागले. लक्ष ठेवणं मला चांगलं जमतं.

पुढच्या हिवाळ्यात इंग्लिश रिव्हॉल्व्हर बिघडायला लागलं. दातवाल्यांच्या गोळ्या इकडेतिकडे जायला लागल्या. आधी त्यांनी दारूला दोष दिला, मग थंडीला. एके दिवशी मी त्यांच्या उजवीकडे, जरा मागे उभी होते. त्यांनी चाप ओढला आणि माझ्या गालाला काहीतरी चावलं. हात लावला तर बोटाला रक्त लागलं. शिशाची बारीक चकती गालात रुतली होती.

उंच माणसानं ताबडतोब रेंज थांबवली. माझ्या गालावर पट्टी लावता लावता ते म्हणाले, "चक्र नीट जागेवर येत नाहीये. गोळी नळीत सरळ न शिरता कडेला घासतेय, त्याचं शिसं उडतं. हे दुरुस्त होईपर्यंत ते इथे झाडायचं नाही."

दातवाले पांढरेफटक पडले होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बघितलंस? त्यानंच काहीतरी केलंय. आता म्हणेल, हे निकामी झालं, दे मला स्वस्तात."

मला ते पटलं. पूर्ण पटलं. गाल ठणकत होता, आणि कुणीतरी मुद्दाम केलंय असं मानण्यात एक प्रकारचं समाधान होतं. तो माणूस त्यांच्या टेबलाजवळ जातो हे मी स्वतः पाहिलं होतं. शिवाय त्याच सुमारास एकदा त्यानं मला गाठून विचारलं होतं, "म्हातारबुवा घरी कसे असतात? तिजोरी नीट बंद करतात का हल्ली?" मी थंडपणे "मला काय माहीत" म्हटलं, आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की हा माणूस चोरीचा बेत करतोय.

"पोलिसांना सांगूया," नवरा म्हणाला. त्याचं उत्तर कधी बदलत नाही.

पण एक गोष्ट मला दातवाल्यांबद्दलही खटकत होती. सुरुवातीला त्यांनी सांगितलं होतं की इंग्लिश रिव्हॉल्व्हर त्यांच्या बायकोच्या आजोबांचं, जे बंदरावर शिपाई होते. त्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं की ते वायरारापाच्या एका शेतकऱ्याकडून घेतलं. आणि माझ्या मुलीला म्हणाले की ते त्यांनी नदीच्या बांधाखाली खणून काढलं. जुन्या वस्तू जमवणारे लोक कथा रचतात हे मी ऐकून होते. मला वाटलं, हे खोटं बोलतायत. मग प्रश्न असा की आणखी कशाबद्दल खोटं बोलत असतील?

एका रविवारी सकाळी ते कुंपणाशी आले. "तू क्वालिटीवाली आहेस ना? मग सिद्ध कर. त्यानं काय केलंय ते शोधून दे."

मी माझं भिंग घेऊन त्यांच्या गॅरेजमध्ये गेले. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे त्यांनी दाखवलं, मी पुन्हा तपासलं. मग अंगठ्यानं अगदी सावकाश घोडा मागे ओढत गेले. चक्र फिरलं, पण ठाक असा आवाज आलाच नाही. घोडा पूर्ण मागे गेला तरी चक्र आपल्या जागेच्या केसभर अलीकडे लटकत राहिलं. झटक्यात ओढलं तर स्वतःच्या वेगानं कधी पोचत असेल, कधी नाही. म्हणजे दोष होता तो चक्राला पुढे ढकलणाऱ्या बारीक पट्टीत. त्यांनी ती काढून ट्रेमध्ये ठेवली.

भिंगाखाली पट्टीचं टोक पाहिलं आणि माझा हात थांबला. टोक झिजलेलं नव्हतं, घासलेलं होतं. पण कानशीनं घासलं की सरळ रेघा उमटतात. इथे लहान लहान गोल खळगे होते, एकावर एक. काही जुने, काळवंडलेले. काही त्यांच्यावरचे, जरा उजळ. आणि काही कालपरवाचे वाटावेत इतके चकचकीत. कुणीतरी हे एकदा केलेलं नव्हतं. पुन्हा पुन्हा केलेलं होतं.

मी मान वर केली. टेबलाच्या कडेला त्यांचं दात कोरायचं जुनं यंत्र टांगलेलं होतं. त्याच्या टोकाला मोहरीएवढं गोल, बारीक पातं. खालच्या फळीवर राखाडी भुकटी पडली होती. मी बोट लावलं, ती लोखंडाची होती.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

मी बोटावरची भुकटी पुसली. शेवटी मी विचारलं, "हल्ली चाप बोटाला जड जातो का हो तुमच्या?"

"कोण म्हणतं?" ते एकदम चिडले. "त्यानं सांगितलं ना तुला?"

मग ते स्टुलावर बसले, पट्टी उचलून उजेडात धरली आणि तिच्याकडे बघत राहिले. चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी यंत्र सुरू केलं, चष्मा नाकावर ओढला, आणि इतक्या सफाईनं, जसं आयुष्यभर लोकांचे दात कोरले असतील तसं, ते पट्टीचं टोक घासायला लागले.

"काय करताय?" मी विचारलं.

"ओढ जरा जड झालीय. थोडं गुळगुळीत केलं की हलकी होईल."

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "राहू द्या. चहा घेऊया आधी."

त्यांनी यंत्र बंद केलं आणि पट्टी पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. मी किटली लावली. कप त्यांच्या हातात दिला तेव्हा ते ट्रेकडे बघून म्हणाले, "चांगली वस्तू होती. कुणी वाट लावली असेल हिची?"

त्या प्रश्नात कसलंही नाटक नव्हतं. मी वर्षभर त्यांच्या शेजारी उभी होते, एकूण एक माणसावर नजर ठेवून होते, आणि जे बघायला हवं होतं ते तेवढं मला दिसलं नव्हतं. तीन कथा म्हणजे तीन थापा नव्हत्या. त्यांना आठवतच नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी एकटीच क्लबला गेले आणि उंच माणसाला सगळं सांगितलं. ते शेडच्या पायरीवर बसून ऐकत राहिले.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "मध्ये एकदा त्यानं 'रिकामं आहे' म्हणून टेबलावर ठेवलं, तर चक्राच्या एका घरात गोळी होती. तेव्हापासून तो चहाला गेला की मी त्याच्या टेबलाजवळ जाऊन बघतो. तुला तिजोरीचं विचारलं ते त्याचसाठी. तू मला असं उत्तर दिलंस की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही."

"मला वाटलं तुम्हाला चोरायचंय," मी म्हटलं.

"हो, ते दिसत होतं तुझ्या तोंडावर," ते म्हणाले. जरा हसले, मग हसू आवरलं.

आम्ही नेल्सनच्या मुलीला फोन केला. मी बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू कोण आहेस नक्की? बाबांची ती रिव्हॉल्व्हरं तुला हवी आहेत का?" मला राग आला नाही. तिच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं, कदाचित याहून वाईट शब्दांत. ती म्हणाली, "फोनवर तर बाबा अगदी ठीक वाटतात." फोनवर ते ठीकच वाटायचे.

ती स्वतः यायच्या आतच दुसरीकडून गोष्ट पुढे सरकली. दातवाल्यांच्या लायसन्सची मुदत संपत आली होती. नूतनीकरणाच्या वेळी अर्जदाराला ओळखणाऱ्या माणसांशी इथे प्रत्यक्ष बोलतात. बायको नाही, मुलगी दूर, म्हणून दातवाल्यांनी ओळखीची व्यक्ती म्हणून माझं नाव दिलं होतं. मला न विचारता. विश्वासानं.

चौकशी करणाऱ्या बाई सकाळी आमच्या घरी आल्या. गाडी आमच्या ड्राइव्हवेत लावली. मी चहा केला, त्यांनी दूध नको म्हटलं. किती वर्षांची ओळख, दारू किती पितात, राग येतो का, असे प्रश्न झाले. मी उत्तरं देत गेले, आणि प्रत्येक उत्तर खरं होतं, आणि प्रत्येक उत्तरानं ते चांगले माणूस ठरत होते. ते होतेच. मग बाईंनी विचारलं, "यांच्याकडे बंदुका असाव्यात का, याबद्दल तुला काही शंका आहे?"

खिडकीतून कुंपण दिसत होतं. पलीकडे ते झाडांना पाणी घालत असावेत, कारण पाइपचा आवाज येत होता. मी मनात दोनतीन वाक्यं जुळवून पाहिली, अर्धवट खरी, ज्यांच्यावर नंतर माझं मलाच बोट ठेवता आलं नसतं. मग गालावरच्या त्या जागेवर हात गेला. तिथे माझी मुलगी उभी असती तर, हा विचार मी इतके दिवस टाळत होते.

"आहे," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं, हा तरी म्हणेल की बरं केलंस. तो म्हणाला, "तू सांगायला नको होतंस. त्यांच्या मुलीला सांगू द्यायचं होतं. ते आपल्याकडे जेवायला येतात गं." कायम पोलिसांना सांगूया म्हणणारा हा माणूस. पुढचा आठवडाभर आम्ही एकमेकांशी तोलूनमापून बोलत होतो.

थोड्या दिवसांनी दोन पोलिस आले. अतिशय सौम्यपणे वागले. त्यांच्याबरोबर उंच माणूसही होता. रिव्हॉल्व्हरं उंच माणसाच्या तिजोरीत ठेवायची असं ठरलं होतं, कागदपत्रं व्हायची ती झाली. दातवाले दारात उभे राहून बघत होते. दोन्ही पेट्या गाडीत गेल्यावर त्यांनी पोलिसांकडे पाहिलं नाही, उंच माणसाकडेही नाही. कुंपणापलीकडे मी उभी होते, माझ्याकडे पाहिलं.

"ती गाडी तुझ्या दारात होती," ते म्हणाले. "त्या बाईंची."

"हो," मी म्हटलं. "मीच सांगितलं."

त्या वर्षभरात त्यांनी अनेकांवर संशय घेतला होता. त्यातला हा एकच खरा होता.

ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. डेअरीवाल्या काकांना सांगितलं की शेजारच्या बाईनं माझी रिव्हॉल्व्हरं चोरली. टपाल वाटणाऱ्या बाईंना सांगितलं. आमच्या मुलीनं कुंपणावरून हात केला तर ओळख दाखवेनात. नवऱ्याला मात्र काही म्हणायचे नाहीत. तो शनिवारी जाऊन त्यांचं गवत कापायचा, आणि ते त्याला दारातून सूचना द्यायचे. मी आमच्या स्वयंपाकघरातून ऐकायची. मुलगी नेल्सनहून येऊन राहिली, तेव्हा तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. जाताना माझ्या दाराशी आली आणि "सॉरी" एवढंच म्हणाली. मीही तेवढंच म्हणाले.

उंच माणसानं दुसरी पट्टी बनवून बसवली आणि इंग्लिश रिव्हॉल्व्हर पुन्हा चालायला लागलं. मला एकदा झाडायला दिलं. चक्र ठाक करून जागेवर बसत होतं. तरी मी चाप ओढताना दरवेळी घोडा कधी पडेल याचीच वाट बघत राहिले, आणि गोळ्या खाली डावीकडे गेल्या. "तू त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीस," ते म्हणाले. नव्हतेच ठेवत. मी अमेरिकन मागून घेतलं.

पुढल्या उन्हाळ्यात दातवाल्यांना अप्पर हटच्या एका वृद्धाश्रमात हलवलं. त्यांच्या मुलीनं मला कळवलं की हवं तर भेटून या, आता ते कुणावर फारसे चिडत नाहीत. मी बरेच दिवस टाळलं, मग एका दुपारी गेले. ते खिडकीशी बसले होते. दाढी कुणीतरी नीट केली होती. मी चहाचा कप घेऊन खुर्ची ओढून बसले आणि इंग्लिशमध्येच बोलले, पण का कोण जाणे, मनात प्रत्येक वाक्य 'तुम्ही' म्हणूनच होत होतं.

त्यांनी मला ओळखलं नाही. मी इथे काम करते असं त्यांना वाटलं असावं. हवेबद्दल बोलले, जेवणाबद्दल बोलले. मग जरा पुढे वाकून, आवाज उतरवून म्हणाले, "तू चांगली वाटतेस म्हणून सांगतो. माझ्या शेजारी एक भारतीय बाई राहते. हुशार आहे, पण तिच्यापासून सांभाळून राहा."

"का? काय केलं तिनं?"

ते आठवत राहिले. कपाळाला आठ्या पडल्या. खालच्या अंगणात कुणीतरी खुर्च्या हलवत होतं.

"ते आता आठवत नाही," ते म्हणाले. "पण काहीतरी केलंय."

"बरं," मी म्हटलं. "सांभाळून राहीन."

त्यांना बरं वाटलं. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि माझा कप रिकामा झालाय हे बघून, आणखी चहा सांगू का, असं विचारलं. मी हो म्हटलं.